घट्टपणाचे मोजमाप : टॉर्क पाना आणि घरगुती वाहनदुरुस्ती

ग्रामीण भागात मोटारसायकल, जीप आणि ट्रॅक्टर ही आज बैलजोडीइतकीच कुटुंबाच्या चरितार्थाची साधने झाली आहेत. शिक्षक दुचाकीवरून शाळेला जातात, दूध दुचाकीवरून संकलन केंद्रावर पोहोचते, ऊस आणि कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाजारात जातो. गाडी तालुक्याच्या गॅरेजपर्यंत नेण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे इंजिनातील तेल बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, पंक्चर झालेले चाक काढून पुन्हा बसविणे, अशी कामे पुष्कळ जण घरच्या अंगणातच उरकतात. हे स्वावलंबन स्वागतार्ह आहे. मात्र या सर्व कामांची शेवटची पायरी एकच असते, ती म्हणजे नट किंवा बोल्ट आवळणे. आणि नेमकी हीच पायरी बहुधा केवळ अंदाजावर सोडली जाते.

या अंदाजाची किंमत मोठी असू शकते. सैल राहिलेले चाकाचे नट भर रस्त्यात सुटू शकतात. उलट, फाजील जोराने आवळलेल्या तेलाच्या झाकणाच्या बोल्टमुळे इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीतील आटे जातात आणि चार आण्यांच्या कामापायी मोठ्या खर्चाची दुरुस्ती पदरी येते. घट्टपणा ही लांबी किंवा वजन यांच्यासारखीच मोजता येणारी गोष्ट आहे. ती मोजण्याचे साधन म्हणजे टॉर्क पाना होय. तो वापरण्यास शिकणे कठीण नाही; परंतु त्यामागचे शास्त्र थोडे समजून घेतले, तरच त्याचा खरा उपयोग होतो.

बोल्ट ही एक स्प्रिंगच

बोल्ट दोन भागांना खिळ्याप्रमाणे जखडून ठेवतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बोल्टचे काम स्प्रिंगसारखे चालते. नट फिरविला की बोल्टची दांडी किंचित ताणली जाते. हा ताण डोळ्यांना दिसत नाही इतका सूक्ष्म असतो. ताणलेली दांडी पूर्वस्थितीला येऊ पाहते आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे. ताणाच्या प्रमाणात ओढ वाढते, हा स्थितिस्थापकतेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक बोल्ट याच नियमाने काम करीत असतो.

स्प्रिंगलाही मर्यादा असते. ताण कमी पडला तर जोडातील दाब अपुरा राहतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी नट हळूहळू सुटत जातो. ताण मर्यादेपलीकडे गेला तर बोल्ट कायमचा लांबतो. मग तो सोडला तरी मूळ लांबीवर येत नाही. असा बोल्ट वरून धडधाकट दिसतो, पण त्याचा कस गेलेला असतो. या दोन टोकांच्या मधोमध जो योग्य पट्टा आहे, तेथे बोल्ट नेणे हे आवळण्याचे उद्दिष्ट असते.

बोल्टमधील ताण घरच्या घरी थेट मोजणे शक्य नसते. म्हणून तो निर्माण करणारा पीळ मोजतात. या पिळाला शास्त्रीय परिभाषेत पीडन परिबल म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात मात्र टॉर्क हाच शब्द रूढ झाला आहे. पान्यावर लावलेला जोर आणि बोल्टच्या मध्यापासून हातापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. त्याचे आजचे प्रमाणित एकक न्यूटन-मीटर हे आहे. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पौंड ही एककेही आढळतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर आणि एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेतील १० हा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असताना पाना १० न्यूटन-मीटरवर लावला, तर नट आवश्यकतेच्या जेमतेम दहाव्या भागाइतकाच आवळला जाईल. म्हणून आकड्याआधी एकक वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

हाताचा अंदाज का चुकतो

वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंचवीस किलोचा जोर लावला, तर सुमारे ४९ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. दहा मिलिमीटर व्यासाच्या ८.८ या दर्जाच्या पोलादी बोल्टला साधारणपणे एवढाच टॉर्क योग्य असतो. कोरड्या आट्यांवर तेवढ्याने बोल्टमध्ये सुमारे २५,००० न्यूटन, म्हणजे अडीच टन वजनाइतकी ओढ निर्माण होते. आता त्याच पान्याला लोखंडी नळी जोडून त्याची लांबी साठ सेंटीमीटर केली आणि तेवढाच जोर लावला, तर टॉर्क तिप्पट होतो. हाताला कष्ट तेवढेच जाणवतात, परंतु ही तिप्पट ओढ त्या बोल्टच्या तुटण्याच्या मर्यादेपलीकडची असते. "नळी घालून आवळले की काळजी मिटली" हा समज किती घातक आहे, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात यावे.

लहान बोल्टच्या बाबतीत चूक याहून सहज घडते. सहा मिलिमीटर व्यासाच्या त्याच दर्जाच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. वीस सेंटीमीटरच्या पान्यावर तो केवळ पाच किलोच्या जोराने मिळतो. शेतात कष्ट करणाऱ्या हाताला पाच किलोचा जोर म्हणजे जोर वाटतच नाही. म्हणून दुचाकीच्या इंजिनावरील झाकणांचे लहान बोल्ट तुटण्याचे आणि त्यांचे आटे जाण्याचे प्रकार वारंवार घडतात.

हाताला न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घर्षण. लावलेल्या टॉर्कपैकी साधारणपणे निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि चाळीस टक्के आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. जेमतेम दहा टक्के भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. यामुळे घर्षणात थोडा जरी फरक पडला, तरी ताणात मोठा फरक पडतो. कोरड्या बोल्टला तेल लावून तेवढाच टॉर्क दिला, तर ओढ एकतृतीयांशानेही वाढू शकते. गंजलेल्या किंवा मातीने भरलेल्या आट्यांच्या बाबतीत उलट घडते. नट घट्ट लागतो, पण आतील बोल्ट ताणलेलाच नसतो. यातून दोन नियम निघतात. आटे तारेच्या ब्रशने नेहमी स्वच्छ करावेत आणि तेल किंवा ग्रीस गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच लावावे.

पान्याचा जन्म आणि प्रकार

हा पाना मोटारीच्या कारखान्यात जन्मला, असा कोणाचाही समज होईल. परंतु त्याच्या शोधाचे श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना दिले जाते. जमिनीखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट कामगारांकडून फाजील आवळले जात आणि तुटत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी असा पाना योजला. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या गरजेतून निघालेले हे साधन पुढे मोटार आणि विमान उद्योगांत सर्वत्र पसरले.

घरगुती वापराच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला काटेवाला पाना. त्याची मुख्य दांडी जोराने किंचित वाकते आणि तिच्याजवळून गेलेला न वाकणारा काटा मोजपट्टीवर टॉर्क दाखवितो. हा पाना स्वस्त, साधा आणि दीर्घकाळ अचूक राहणारा आहे. मात्र मोजपट्टी समोरून वाचावी लागते, त्यामुळे अडचणीच्या जागी तो गैरसोयीचा ठरतो. दुसरा प्रकार 'टक्' असा आवाज करणारा. त्याच्या मुठीत स्प्रिंग असते. मूठ फिरवून हवा तो टॉर्क लावून ठेवला की तेवढा जोर पोहोचताच आतील खटका सुटतो, आवाज होतो आणि हाताला हिसका जाणवतो. आज गॅरेजमध्ये हाच प्रकार अधिक दिसतो.

एकच पाना सर्व कामांना पुरत नाही. पाव इंची चौकोनाचा पाना साधारणपणे ५ ते २५, तीन अष्टमांश इंची चौकोनाचा २० ते १०० आणि अर्धा इंची चौकोनाचा ४० ते २०० न्यूटन-मीटरपर्यंतच्या कामांसाठी मिळतो. पाना आपल्या कमाल क्षमतेच्या तळच्या पाचव्या भागात विश्वासार्ह राहत नाही. म्हणून चाकाच्या मोठ्या पान्याने इंजिनाचे सहा मिलिमीटरचे बोल्ट आवळू नयेत.

वापरण्याची रीत

नवशिक्याने पहिला सराव गाडीवर करू नये. एखादा जुना बोल्ट आणि नट शेगड्यात, म्हणजे बाकावरील व्हाइसमध्ये पकडून त्यावर सराव करावा. पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. गाडीच्या पुस्तिकेतून त्या बोल्टचा टॉर्क आणि त्याचे एकक शोधून कागदावर लिहावे. दुसऱ्या गाडीचा आकडा अंदाजाने वापरू नये.

२. आटे स्वच्छ करून नट किंवा बोल्ट प्रथम बोटांनी फिरवावा. तो बोटांनी सहज जात नसेल, तर आटे तिरपे धरले गेले आहेत असे समजून मागे घ्यावा. त्यानंतर साध्या पान्याने तो टेकेपर्यंत आणावा.

३. पान्याची मूठ फिरवून आकडा लावावा. उदाहरणार्थ, ४६ न्यूटन-मीटर हवे असतील, तर मुख्य मोजपट्टीवर ४० आणि मुठीच्या कडेवर ६ जुळवून कुलूप-नट बंद करावा.

४. एका हाताने पान्याचे डोके गोटीवर सरळ धरावे, दुसरा हात मुठीच्या मधोमध ठेवावा. पान्याशी काटकोन साधून सावकाश आणि एकसारखा जोर लावावा. हिसका देऊ नये, पायाने दाबू नये आणि नळी तर कधीही जोडू नये.

५. 'टक्' झाले की तेथेच थांबावे. खात्रीसाठी दोन-तीन वेळा टक् करण्याची सवय चुकीची आहे. प्रत्येक वेळी बोल्ट थोडा अधिक फिरतो.

या शेवटच्या पायरीत एक बारकावा आहे. आवाज होतो त्या क्षणी बोल्ट फिरत असला पाहिजे. पाना लावताच बोल्ट न हलता आवाज झाला, तर तो आधीच जास्त आवळलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी बोल्ट अर्धा फेरा सोडून पुन्हा पहिल्यापासून आवळावा. दुसरा बारकावा लहान आकड्यांविषयीचा. कमी टॉर्कवर आवाज अगदी क्षीण होतो. कानाची वाट पाहत राहिल्यास बोल्ट तुटतो, म्हणून हाताला जाणवणाऱ्या हिसक्याकडे लक्ष द्यावे.

एकाच झाकणाला किंवा चाकाला अनेक बोल्ट असतील, तर ते ओळीने आवळू नयेत. समोरासमोरचे बोल्ट निवडीत, दोन किंवा तीन टप्प्यांत टॉर्क वाढवीत जावे. तसे केल्याने दाब सर्वत्र सारखा बसतो आणि झाकण वाकत नाही. इंजिनाच्या हेडचे काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी फिरवावयाचे असतात आणि त्यांपैकी कित्येक एकदाच वापरावयाचे असतात. ते काम प्रशिक्षित कारागिरावर सोपवावे, हे उत्तम.

चाकाचे नट : जिवाशी गाठ

घरी केल्या जाणाऱ्या कामांत सर्वांत जबाबदारीचे काम चाक बसविण्याचे आहे. गाडीचा भार चाकाच्या बोल्टवर टेकलेला असतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक नटांच्या दाबामुळे रिम हबवर घट्ट बसते आणि त्या दोहोंतील घर्षण भार पेलते. दाब कमी झाला की रिम हबवर किंचित हलू लागते. भोके झिजून लांबट होतात, बोल्ट वारंवार वाकून थकतात आणि अखेर तुटतात. चाक निखळण्यापूर्वी पुष्कळदा ठकठक आवाज किंवा थरथर जाणवते. तशी जाणीव होताच गाडी थांबविलीच पाहिजे.

चाक बसविण्यापूर्वी रिम आणि हब यांचे टेकणारे पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावेत. त्यांच्यामध्ये अडकलेला गंज, रंग किंवा चिखल पुढे दबतो आणि नट सैल पडतात. जॅकवर असतानाच नट हातांनी लावून क्रमाने टेकवून घ्यावेत. मग चाक फिरणार नाही इतपत गाडी जमिनीवर उतरवून अखेरचा टॉर्क द्यावा. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, असा क्रम ठेवावा. लहान मोटारींच्या चाकांचा टॉर्क बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांचा त्याहून पुष्कळ अधिक असतो आणि त्यासाठी मोठा पाना लागतो. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. काही जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात आणि टक् करणारे अनेक पाने उलट्या दिशेने मोजत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

चाक बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा. नव्याने बसविलेला जोड थोडा बसतो, म्हणून ही तपासणी टाळू नये. नट फाजील आवळणेही तितकेच अनिष्ट आहे. त्यामुळे बोल्ट ताणले जातात, डिस्क ब्रेक असल्यास तबकडी वाकू शकते आणि रात्री आडरस्त्यावर पंक्चर झाले तर गाडीसोबतच्या लहान पान्याने ते नट सुटता सुटत नाहीत.

पाना नसेल तेव्हा

प्रत्येक घरी टॉर्क पाना असणे शक्य नाही. तथापि धान्य किंवा भाजी तोलण्याचा ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा तराजू, पुष्कळ ठिकाणी असतो. साध्या रिंग पान्यावर बोल्टच्या मध्यापासून २५ सेंटीमीटर अंतरावर खूण करावी, तेथे ताणकाटा अडकवावा आणि पान्याशी काटकोनात ओढावे. काटा १० किलो दाखवू लागला की टॉर्क अडीच किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २४.५ न्यूटन-मीटर झाला. पाना आडवा ठेवून ओढल्यास त्याच्या स्वतःच्या वजनाचा फरक पडतो. म्हणून शक्यतो पाना उभा धरावा. ही पद्धत टॉर्क पान्याइतकी सोयीची नाही, पण केवळ अंदाजापेक्षा निश्चितच बरी आहे.

स्पार्क प्लगच्या बाबतीत दुसरी रीत आहे. वॉशर असलेला नवा प्लग थंड इंजिनात हाताने टेकेपर्यंत फिरवून पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असल्यामुळे त्याला याहून पुष्कळ कमी फिरवावे लागते. चौदा मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० आणि दहा मिलिमीटरच्या प्लगला केवळ १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. दुचाकीच्या लहान प्लगवर मोटारीच्या प्लगइतका जोर लावणे, हे आटे जाण्याचे ठरलेले कारण आहे.

निगा आणि तपासणी

टॉर्क पाना हे मोजण्याचे उपकरण आहे. त्याला तराजूसारखे जपावे. गंजलेले नट सोडविण्यासाठी तो वापरू नये, हातोड्याऐवजी ठोकू नये आणि खाली पाडू नये. काम संपल्यावर टक् करणारा पाना मोजपट्टीवरील सर्वांत लहान आकड्यावर आणून पेटीत ठेवावा. त्याखाली मात्र सैल करू नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा पान्याची तपासणी वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यानंतर, जे आधी येईल तेव्हा, करावयाची असते. चांगल्या पान्याची चूक साधारणपणे चार टक्क्यांच्या आत असते.

शाळा आणि ग्रामपंचायतीतून शिक्षण

हा विषय शिकविण्यास मोठ्या कार्यशाळेची आवश्यकता नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन करून, हाताने काम करीत विज्ञान शिकण्याची रीत ग्रामीण मुलांसाठी रुजविली. त्याच धर्तीवर शिक्षकांना एक सोपा पाठ घेता येईल. काटेवाल्या पान्याची मोजपट्टी पुठ्ठ्याने अशी झाकावी की, ओढणाऱ्याला ती दिसू नये, पण इतरांना दिसावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या अंदाजाने २५ न्यूटन-मीटर टॉर्क लावावा आणि इतरांनी काट्यावरील आकडा नोंदवावा. सर्वांचे आकडे फळ्यावर लिहिले की अंदाज आणि मोजमाप यांतील अंतर विद्यार्थ्यांना आपोआप दिसते. जोर गुणिले अंतर हे पुस्तकातील सूत्र मग त्यांना पाठ करावे लागत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक आणि प्रशिक्षणार्थी यांच्या साहाय्याने ग्रामपंचायतींना एखाद्या सुटीच्या दिवशी असे प्रात्यक्षिक योजता येईल. गावातील वाहनधारकांनी मिळून अर्धा इंची आणि पाव इंची असे दोन पाने घेतले, ते एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवले आणि त्यांच्या वापराची व तपासणीची वही ठेवली, तर खर्च वाटला जाईल आणि पाने बिनचूक राहतील. शाळेत मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनाच्या चाकांचे नट ठरलेल्या दिवशी तपासून त्याची नोंद याच वहीत घेता येईल.

शेतकरी बियाणे मापून पेरतो आणि खत तोलून घालतो, कारण अंदाज चुकला तर हंगाम जातो हे त्याला ठाऊक असते. गाडीचे चाक आवळताना तीच दक्षता घ्यावयाची आहे. तेथे अंदाज चुकला तर नुकसान एका हंगामापुरते राहील, याची शाश्वती नसते.